थोरला चालेल, धाकटा कडेवर बसेल?

परीक्षा संपल्या की बीडमधल्या घरांत सहलीचे बेत सुरू होतात. शिर्डीला दर्शन आणि त्याला जोडून तिथलं वॉटर पार्क किंवा साईतीर्थ. सवड आणि पैसा हाताशी असेल तर खोपोलीचं इमॅजिका, नाहीतर हैदराबादची रामोजी फिल्म सिटी. घरात दोन लहान लेकरं असतील, एक साडेतीन वर्षांचं आणि एक नुकतंच पाऊल टाकायला लागलेलं, तर बेत ठरता ठरता एक प्रश्न येतोच. बाबागाडी घ्यायची का? आणि घ्यायची तर एकाची की दोघांची? सल्ला द्यायला सासर-माहेरची सगळी मंडळी तयार असतात. पण त्यातला बराचसा सल्ला ऐकीव असतो, आणि तो चुकला तर दिवसभर त्याचा भार आईच्या कंबरेवर येतो. म्हणून नेहमी कानावर पडणारी वाक्यं एकेक करून तपासून पाहू.

“मोठा आता चालतो की, त्याला कशाला गाडी?”

सगळ्यात जास्त घरं इथंच फसतात. साडेतीन वर्षांचं पोर गल्लीत दिवसभर हुंदडतं हे खरं, पण ते मनाला येईल तेव्हा पळतं आणि मनाला येईल तेव्हा बसतं. थीम पार्कात तसं नसतं. सकाळी दहाला आत शिरायचं, रांगेत उभं राहायचं, एका खेळाकडून दुसऱ्याकडे मोठ्यांच्या पावलांनी चालायचं आणि संध्याकाळपर्यंत हेच. लहान मुलाला चालण्यापेक्षा रांगेत उभं राहणं जड जातं. शिवाय दुपारची झोप असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी १० ते १३ तास झोप लागते आणि त्यात दुपारची डुलकीही धरलेली आहे. सहलीचा दिवस आहे म्हणून ती डुलकी टळत नाही. अडीच-तीनच्या सुमाराला पोर किरकिर करायला लागतं, मग रस्त्यातच फतकल मारतं, आणि पाच मिनिटांत बापाच्या खांद्यावर मान टाकून झोपी जातं.

आता वजन पाहा. त्याच संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांनुसार तीन वर्षांच्या मुलाचं मधलं वजन सुमारे १४ किलो असतं आणि चार वर्षांच्या मुलाचं १६ किलोच्या आसपास. झोपलेलं पोर जागं असताना वाटतं त्याहून जड लागतं, हे ज्यानं उचललंय त्याला सांगायला नको. वर्षाचं बाळ मात्र नऊ-दहा किलोचं असतं. म्हणजे दुपारनंतर चाकांची खरी गरज थोरल्याला असते. धाकट्याला पोटाशी बांधून नेता येतं. माझ्या मते दोन लेकरांच्या बहुतेक घरांसाठी हाच बेत सगळ्यात बरा: एक मजबूत एकेरी बाबागाडी आणि एक चांगली बाळझोळी. गाडीत आलटून पालटून दोघं बसतात आणि झोळीत धाकटं.

“खोक्यावर तीन वर्षं लिहिलंय, म्हणजे चालेल”

खोक्यावर वय मोठ्या अक्षरांत असतं आणि वजन बारीक अक्षरांत. पाहायचं ते वजन. हलक्या, स्वस्त गाड्यांपैकी पुष्कळ गाड्या १५ किलोपर्यंतच्याच असतात. युरोपातल्या बाबागाड्यांच्या मानकाचा, ईएन १८८८ चा, दुसरा भाग १५ किलोच्या वरच्या आणि २२ किलोपर्यंतच्या मुलांच्या गाड्यांसाठी मुद्दाम केलेला आहे, कारण हे वजन वाढलं की सांगाडा, ब्रेक आणि चाकं यांच्यावर वेगळाच ताण येतो. थोरल्यासाठी गाडी घ्यायची तर २२ किलोचीच घ्यावी. १५ किलोच्या गाडीत १६ किलोचं पोर बसवलं तर ती लगेच मोडणार नाही. पण उतारावर ब्रेक लावून ती उभी राहील याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

“दोन लेकरं म्हणजे जोडगाडीच हवी”

जोडगाड्या दोन तऱ्हेच्या. एकीत दोन्ही बैठका शेजारीशेजारी, दुसरीत एकीमागे एक. शेजारच्या बैठकांची गाडी ढकलायला सोपी आणि दोघांनाही समोरचं दिसतं, पण तिची रुंदी बहुधा ७५ ते ८० सेंटिमीटर भरते. आपल्याकडे न्हाणीघराचं दार अडीच फुटांचं, म्हणजे ७६ सेंटिमीटरचं असतं. त्यावरून पार्कातल्या स्वच्छतागृहाचं दार, हॉटेलची लिफ्ट आणि खाण्याच्या टेबलांमधली वाट यांचा अंदाज बांधा. एकीमागे एक बैठकांची गाडी अरुंद असते, पण लांब. वळवताना जोर लागतो आणि फूटपाथच्या कडेवर पुढचं चाक चढवायला मागून दाबावं लागतं. मागच्या लेकराला बऱ्याचदा पुढच्याच्या बैठकीची पाठ तेवढी दिसते, त्यामुळे भांडण ठरलेलं.

त्याहून मोठा प्रश्न बीड ते पार्क या प्रवासाचा आहे. सात माणसांनी भरलेल्या अर्टिगात तिसरी रांग उभी असताना मागे २०९ लिटरची डिकी उरते. गाडी सीएनजीची असेल तर त्यातही टाकी. तिथं दोन बॅगा आणि डब्याची पिशवीच कशीबशी बसते, घडी केलेली जोडगाडी कुठं ठेवणार? एसटीनं निघालात तर गाडी पोटातल्या डिकीत टाकावी लागते किंवा पायाशी घ्यावी लागते. १७ सप्टेंबर २०२५ ला अहिल्यानगरची रेल्वे अखेर बीडपर्यंत पोचली. ती धरून पुढं शिर्डीकडे किंवा पुण्याकडे जाणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं, की डब्यात चढताना एका हातात लेकरू आणि दुसऱ्या हातात घडी केलेली गाडी असणार. एका हातानं उचलता येईल एवढंच तिचं वजन हवं. रामोजी फिल्म सिटीत तर आतला बराचसा फेरफटका त्यांच्याच बसमधून होतो. दर थांब्यावर चढ-उतार.

जुळी असतील, किंवा दोघंही अडीच वर्षांच्या आतली असतील, तर जोडगाडी घ्यावी, त्यात शंका नाही. तशीच ती परदेशातल्या मोठ्या पार्कांतही उपयोगी पडते. आपल्या जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांतली मुलं-सुना आज नोकरीनिमित्त अमेरिकेत आहेत. आजी-आजोबा भेटायला गेले की ऑर्लँडोच्या डिस्नी वर्ल्डचा बेत ठरतो. तिथं १ मे २०१९ पासून ३१ इंचांहून रुंद किंवा ५२ इंचांहून लांब गाडी आत सोडत नाहीत आणि दांड्यानं ओढायच्या डब्यासारख्या गाड्याही चालत नाहीत. म्हणजे मापाची मर्यादा साधारण ७९ बाय १३२ सेंटिमीटरची. घेण्याआधी टेप लावून मोजावं. तिथं भाड्यानंही मिळते, एकेरी आणि दुहेरी दोन्ही. पण ती पार्काच्या दारातच परत करायची असते, हॉटेलपर्यंत न्यायची नसते. झोपलेलं पोर तिथं उचलावंच लागतं.

“हलकी म्हणजे तकलादू”

हलक्या घडीच्या बाबागाडीचा जन्म एका विमान अभियंत्याच्या हातून झाला. ओवेन मॅक्लॅरन यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलं होतं. लेक परदेशातून नातवंडाला घेऊन आली तेव्हा तिचे जड बाबागाडीनं होणारे हाल त्यांनी पाहिले आणि ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी बनवली. १९६५ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. गाडीचं वजन जेमतेम पावणेतीन किलो होतं. हलकेपणा नळीच्या धातूतून आणि जोडाच्या रचनेतून येतो, त्यामुळे वजनावरून मजबुती ठरवू नये.

तपासायचा तो जोड. याच मॅक्लॅरन नावाच्या कंपनीला २००९ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे दहा लाख गाड्यांसाठी बिजागरीवर बसवायची आवरणं द्यावी लागली, कारण गाडी उघडताना किंवा मिटताना बिजागरीत मुलांची बोटं सापडून टोकं तुटल्याच्या घटना घडल्या होत्या. दुकानात गाडी उघडा, बाजूची बिजागरी मिटताना नीट पाहा. दोन पट्ट्या कात्रीसारख्या एकमेकींवरून सरकत असतील आणि त्यावर काही आवरण नसेल, तर ती गाडी नको. भावजयीची, नणंदेची जुनी गाडी वापरतानाही हेच पाहायचं. आणि गाडी उघडायची ती दोन्ही लेकरं चार पावलं लांब उभी असताना. थोरल्याला मदतीची फार हौस असते.

“वरून ओढणी टाकली की ऊन लागत नाही”

मे महिन्यात बीडमधून निघणाऱ्या प्रत्येकानं हे ध्यानात धरावं. ऊन लागू नये म्हणून बाबागाडीवर ओढणी, टॉवेल किंवा दुपटं टाकलं, की आतली हवा कोंडते आणि तापमान बाहेरच्यापेक्षा चढतं. कापड कितीही पातळ असलं तरी. लहान बाळाला मोठ्यांसारखा घाम नीट येत नाही आणि ते तहान लागल्याचं सांगतही नाही. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी हे बाबागाडीत मोजमाप करून तपासलं. कोरड्या मलमलीनं झाकलेल्या गाडीत तापमान वाढलं. तीच मलमल ओली ठेवून सोबत छोटा पंखा लावला, तेव्हा ते उतरलं. वाळ्याच्या ओल्या ताट्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे लगेच उमगेल. पण खोपोलीसारख्या घाटपायथ्याच्या दमट हवेत ओल्या कापडाचा उपयोग बीडच्या कोरड्या हवेइतका होत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. मोठी, पुढं ओढता येणारी टोपी असलेली गाडी, दोन्ही बाजूंनी वारा, आणि बारा ते तीनपर्यंत छताखालचे खेळ, एवढं केलं तरी पुरे. उन्हात उभी ठेवलेली गाडी परत घेताना पट्ट्याची बकलं आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहावी. ती चटका देतात.

“गाडीत घातलं की लेकरू आळशी होतं”

दोन दिवसांच्या सहलीत बाबागाडीत बसल्यानं कुणाचं चालणं मागं पडत नाही. पण या बोलण्यात काळजीचा एक भाग खरा आहे. पाच वर्षांखालच्या मुलांना बाबागाडीत, उंच खुर्चीत किंवा पाठीशी बांधून एका वेळी एका तासाहून जास्त जखडून ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. झोळीलाही तोच नियम. दर तासाला सावलीत थांबून दोघांना मोकळं सोडावं.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची गोष्ट निराळी. त्याची मान पुरती धरलेली नसते. उभट बैठकीत झोप लागली, की हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. अशा बाळासाठी पाठ पूर्ण आडवी होणारी गाडीच हवी. खरं सांगायचं तर इतक्या लहान बाळाला घेऊन थीम पार्कात जाऊच नये, असं मला मनापासून वाटतं.

“झोळी काय, गरिबाघरची”

बीडच्या ऊसतोड कामगार बायांनी फडात साडीच्या झोळीत लेकरं झोपवली, कडेवर आणि पाठुंगळी नेली, ती दुसरा इलाज नव्हता म्हणून. त्यावरून झोळीला कमी लेखायचं कारण नाही. परळीच्या वैजनाथाच्या पायऱ्यांवर किंवा कपिलधारच्या वाटेवर बाबागाडी निरुपयोगी आहे. तिथं झोळीच लागते. पार्कातल्या रांगेतही गाडी आत नेता येत नाही, ती बाहेर उभी करावी लागते आणि धाकटं अंगावरच घ्यावं लागतं. नियम दोनच: बाळाचा चेहरा सतत दिसला पाहिजे आणि हनुवटी छातीपासून सुटी राहिली पाहिजे.

“मोटारीत मांडीवर धरलं की झालं”

बाबागाडी कितीही चांगली असली, तरी मोटारीत ती बाळाचं रक्षण करत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. अचानक ब्रेक लागला, तर मांडीवरचं दहा किलोचं बाळ कुणाच्याही हातात टिकत नाही. पैसे एकाच वस्तूला पुरणार असतील तर आधी बालआसन घ्या. बाबागाडीसाठी पार्काला फोन करून भाड्याची सोय आहे का ते विचारता येतं. त्याच फोनवर आणखी दोन गोष्टी विचाराव्या. तिकीट वयावर आहे की उंचीवर, कारण इमॅजिकासारख्या ठिकाणी मुलांचं तिकीट उंचीवरून ठरतं. आणि एक पालक बाळापाशी थांबून नंतर पुन्हा रांग न लावता खेळात बसू शकतो का. डिस्नीत ही सोय आहे. आपल्याकडे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

दुकानात जाताना दोन्ही लेकरं बरोबर न्या. थोरल्याला बसवून पाहा, त्याचं डोकं टोपीला लागतंय का. पाच टोकांचा पट्टा आहे का, तो बघा. हँडलला तुमची नेहमीची भरलेली पिशवी अडकवा, गाडी घट्ट धरून ठेवा आणि थोरल्याला उचलून घ्या. गाडी मागे कलायला लागली, तर पार्कातही तेच होणार, मग पिशवी खालच्या टोपलीतच ठेवायची. चाकं दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर न फिरवता बाहेरच्या पेव्हर ब्लॉकवर फिरवा. बारीक प्लॅस्टिकची चाकं तिथं अडतात. शेवटी धाकट्याला कडेवर घेऊन एका हातानं गाडी मिटवून पाहा, आणि हे दुकानदारानं करून दाखवायचं नाही, सहलीला जी गाडी ढकलणार आहे तिनंच करायचं.