मोहरीएवढ्या गोळीतला बर्फ

कल्याणजवळच्या मोहन्यात वाढलेल्याला बारीक भोकांचं अप्रूप असतंच. २००९ साली टाळं लागेपर्यंत इथल्या एनआरसीत, म्हणजे नॅशनल रेयॉनच्या कारखान्यात, लाकडाच्या लगद्याचा चिकट रस केसाइतक्या भोकांतून आम्लाच्या कुंडात सोडत. त्याचा रेयॉनचा धागा होई. त्यामुळे संपादकांनी ‘लेझर फ्यूजनवर लिहा’ म्हटल्यावर कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरचे ते १९२ झोत राहिले बाजूला, माझं लक्ष गेलं एका नळीकडे. टोकाशी २ मायक्रॉनची, केसाच्या तिसाव्या हिश्शाइतकी.

लिव्हरमोरचा इतिहास थोडक्यात: ५ डिसेंबर २०२२ रोजी लेझरचे २.०५ मेगाज्यूल लक्ष्यात गेले, फ्यूजनमधून ३.१५ बाहेर आले. (लेझर चालवायला वीज लागली सुमारे ३०० मेगाज्यूल, ते मथळ्यांत कमीच आलं.)

माझी ती नळी जाते झोतांचं लक्ष्य असलेल्या मोहरीएवढ्या पोकळ गोळीत. गोळीचं कवच हिऱ्याचं. आत फ्यूजनचं इंधन, म्हणजे हायड्रोजनची जड रूपं ड्यूटेरियम आणि ट्रिटियम, नळीतून भरायचं आणि उणे २५४ अंशांच्या आसपास गोठवायचं. बर्फाचा थर आतून सगळीकडे सारखा हवा. खडबडीतपणा मायक्रॉनच्या आत. इतक्या लहान गोळीत हात घालून सारवणार कोण?

बर्फच सारवतो. ट्रिटियम किरणोत्सारी, आतल्या आत किंचित धगधगणारं. थर जाड तिथे ही ऊब जास्त साठते, बर्फ वाफ होऊन उडतो आणि पातळ, थंड जागी जाऊन बसतो. असं होत होत थर आपोआप समान होतो. लॉस अलामॉसच्या हॉफर आणि फोरमन यांनी १९८८ मध्ये हे दाखवलं. मला तर हे लेझरपेक्षा मोठं नवल वाटतं.

पण थर समान असून भागत नाही, तो एकाच स्फटिकाचा लागतो. दोन स्फटिक भेटले की सांध्यावर चर पडते. म्हणून सगळा बर्फ वितळवून नळीच्या तोंडाशी एक कण तेवढा राखतात आणि तापमान मुंगीच्या पावलांनी उतरवत त्या विरजणावर थर वाढवतात. क्ष-किरणांनी तीन बाजूंनी पाहतात.

थर साधला तरी तो टिकत नाही. सारवणारं ट्रिटियमच झिजून हेलियम-३ होतं आणि बर्फ बिघडवू लागतं. बाहेरची ऊबही सोसत नाही, म्हणून थंड आवरण झोत सुटायच्या अवघे काही सेकंद आधी उघडतात. वीजघराला अशा गोळ्या लागतील सेकंदाला दहाएक, दिवसाला साडेआठ लाखांवर. आज एकीचा थर जमवण्यात दिवस मोडतो आणि चर दिसली की बर्फ वितळवून पुन्हा त्या कणापासून सुरुवात.