जुनी गाडी घेताना (लेखांक ४) : इंजिन थंड असतानाच बघा

मागच्या लेखांकात आपण आरसी, विमा आणि कर्जाचा बोजा उतरला आहे की नाही, हे तपासलं. कागद चोख निघाले असतील, तर आता बॉनेट उघडू. दहा-बारा वर्षं पळालेल्या गाडीतला सगळ्यात मोठा खर्च इंजिनात असतो आणि तो गिऱ्हाइकापासून लपवणंही सोपं असतं. त्यासाठी गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी गरम करून ठेवली की पुरतं.

म्हणून विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा, ‘मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ पोचल्यावर आधी इंजिनाच्या वरच्या झाकणाला हात लावा. गरम लागलं, तर बोलणी तिथेच थांबवून दुसऱ्या दिवशीची वेळ घ्या.

थंड इंजिनावर तीन गोष्टी उघडून बघता येतात. पहिली डिपस्टिक. डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं पडतं, त्याने घाबरू नका. ऑइल दुधाळ कॉफीसारखं दिसलं, तर मात्र त्यात पाणी मिसळतंय. दुसरी गोष्ट ऑइल भरायचं झाकण. त्याच्या आतल्या बाजूला जाड, चिकट काळा थर असेल, तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही. तिसरी रेडिएटर. त्याचं झाकण गरम इंजिनावर कधीही उघडू नये, उकळतं पाणी अंगावर उडतं. आत गंजाचं तांबडं पाणी दिसलं, तर कूलंटकडे दुर्लक्ष झालंय; वर तेलाचा तवंग दिसला, तर हेड गॅस्केटचा संशय धरा.

आता चावी फिरवा, पण स्टार्टर मारू नका. ऑइलचा आणि चेक इंजिनचा दिवा लागायला हवा आणि गाडी सुरू झाल्यावर विझायला हवा. मुळात लागलाच नाही, तर कोणीतरी तो बंद केलेला असू शकतो.

गाडी सुरू होतानाचे पहिले काही सेकंद नीट ऐका. स्विफ्ट, रिट्झ, इंडिका व्हिस्टा या गाड्यांत आलेल्या १२४८ सीसी डिझेल इंजिनाला टायमिंग चेन असते. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. त्यामुळे सुरुवातीला क्षणभर खडखड होऊन थांबली, तर ठीक. ती रेंगाळली, तर चेन किंवा टेन्शनर झिजलाय. मारुती ८०० किंवा जुन्या अल्टोच्या ७९६ सीसी इंजिनाला चेनऐवजी बेल्ट असतो. तो किलोमीटरवर बदलतात तसा वर्षांवरही बदलावा लागतो. ‘गाडी फारशी चाललेलीच नाही’ हे उत्तर इथे चालत नाही. बेल्ट बदलल्याचं बिल मागा.

मग सायलेन्सरकडे या. थंडीच्या सकाळी पांढरी वाफ निघून विरली, तर चिंता नाही. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला, तर कूलंट जळतंय. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. हा दोष बहुधा इंजेक्टर, टर्बो किंवा एअर फिल्टरकडचा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. सुरू करताना एकदाच निळा झोत आला, तर व्हॉल्व्ह सील; पिकअप घेताना सतत आला, तर रिंगा. सील परवडतात, रिंगांसाठी इंजिन खोलावं लागतं.

चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल करून उलटं ठेवा. थोडं थरथरलं, तर चालेल. ते उडायला लागलं आणि भकाभक धूर आला, तर मेकॅनिक ज्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात ते हेच : दाब रिंगांजवळून खाली गळतोय.

नंतर एसी लावून गाडी पंधरा-वीस मिनिटं उभी चालू ठेवा. पंखा लागून तापमानाचा काटा स्थिर राहायला हवा.

इथवर सगळं ठीक वाटलं, तर पेट्रोल गाडीची कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. ही चाचणी मात्र गरम इंजिनावर होते. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजवर मोजतात. सगळे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा १०-१५ टक्क्यांहून जास्त खाली असेल, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायला सांगा. आकडा चढला, तर रिंगा झिजल्या; जागेवरच राहिला, तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. डिझेलला जास्त दाबाचं वेगळं गेज लागतं.

२०१९ च्या ऑगस्टात कोल्हापूर-सांगलीत, २०२१ च्या जुलैत चिपळूणमध्ये पूर आला, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना स्टार्टर मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी आणि सीटखालच्या रुळांत वाळलेला गाळ सापडला, तर गाडी कितीही चकचकीत असो, सोडून द्या.

तपासणीला स्वतःचा मेकॅनिक न्या, विकणाऱ्याने सुचवलेला नको. आणि थंड इंजिन दाखवायला जो तयार नाही, त्याच्याशी भाव करत बसू नका. जुन्या गाड्यांचा बाजार मोठा आहे, दुसरी मिळेल.