विश्लेषण : लहान उद्योग विकत घ्यावा आणि विकूच नये, हे कधी परवडते?

कुटुंबाने उभारलेला उद्योग पुढच्या पिढीला चालवायचा नसेल, तर तो विकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. प्रायव्हेट इक्विटी निधी असे उद्योग घेतात आणि बहुधा काही वर्षांतच अधिक किमतीला विकून मोकळे होतात. याउलट, घेतलेला उद्योग शक्यतो कधीच विकायचा नाही, अशी भूमिका अमेरिकेतील गुंतवणूकदार वॉरेन बफे यांनी घेतली. ती का फळली आणि कोठे फसली?

सी’ज कँडीजचा व्यवहार काय होता?

१९२१ मध्ये लॉस एंजेलिस येथे चार्ल्स सी यांनी आई मेरी यांच्या पाककृतींवर चॉकलेट-मिठाईचे दुकान थाटले. कॅलिफोर्नियात त्याच्या अनेक शाखा झाल्या. धुरा सांभाळणारे लॉरेन्स सी यांचे १९६९ मध्ये निधन झाले आणि पुढे कुटुंबाने विक्रीचा निर्णय घेतला. अपेक्षा ३ कोटी डॉलरची होती. बफे आणि चार्ली मंगर यांच्या प्रभावाखालील ‘ब्लू चिप स्टॅम्प्स’ने १९७२ च्या प्रारंभी ती २.५ कोटी डॉलरना घेतली. त्या वेळी कंपनीचा करपूर्व नफा ५० लाख डॉलरहूनही कमी होता, तर धंद्यात गुंतलेले भांडवल अवघे ८० लाख डॉलर होते.

मग एवढी किंमत का मोजली?

ग्राहकांच्या मनातील नावासाठी. नाताळात भेट द्यायची मिठाई निवडताना कोणी चार पैसे वाचवण्यासाठी अनोळखी डबा उचलत नाही. त्यामुळे दरवर्षी थोडी भाववाढ करूनही ग्राहक टिकून राहिले. त्यात मिठाई रोखीने विकली जात असल्याने उधारी नव्हती. ती बनून दुकानात पोहोचण्यास फार काळ लागत नसल्याने मालाचा साठाही मोठा ठेवावा लागत नसे. साहजिकच, नफ्यातील फारच थोडा भाग धंद्यात परत घालावा लागे.

आकडे काय सांगतात?

१९७२ मध्ये १.६ कोटी पौंड मिठाई विकली गेली, २००७ मध्ये ३.१ कोटी पौंड. पस्तीस वर्षांत ही वाढ दुपटीहूनही कमी. मात्र, करपूर्व नफा ८.२ कोटी डॉलरवर गेला. या काळात भांडवलात केवळ ३.२ कोटी डॉलरची भर पडली आणि एकूण करपूर्व नफा १३५ कोटी डॉलर झाला. एरवी नफ्यात इतकी वाढ होण्यासाठी सुमारे ४० कोटी डॉलर ओतावे लागले असते, असा बफे यांचा अंदाज आहे. उरलेल्या पैशातून इतर उद्योग घेता आले. पश्चिम अमेरिकेबाहेर सी’जचा विस्तार मात्र फारसा साधला नाही.

व्यवस्थापनाचे काय?

सी’जमध्ये १९५१ पासून काम करणारे चक हगिन्स यांच्याकडे खरेदीनंतर लगेच सूत्रे सोपवण्यात आली आणि २००५ च्या अखेरपर्यंत ती त्यांच्याकडेच राहिली. कंपनी पुन्हा बाजारात जाणार नाही, याची खात्री असल्यामुळे विक्रीच्या तोंडावर नफा फुगवून दाखवण्याचे कारणच नव्हते. मिठाईचा दर्जा घसरवून खर्च वाचवला असता, तर त्याचा फटकाही त्याच मालकाला बसला असता.

मग धोका कोठे आहे?

१९९३ मध्ये बफे यांच्या बर्कशायर हॅथवे कंपनीने मेन राज्यातील ‘डेक्स्टर शू’ ४३.३ कोटी डॉलरना घेतली, तीही स्वतःचे समभाग देऊन. स्वस्त मजुरीच्या देशांतून आलेल्या पादत्राणांपुढे ती टिकली नाही आणि काही वर्षांतच तिचे मूल्य शून्यावर आले. दिलेले समभाग मात्र पुढे कित्येक पटींनी वधारले. हा आपला सर्वांत वाईट सौदा, अशी कबुली बफे यांनी भागधारकांना दिली. ग्राहक केवळ किंमत पाहून दुसरीकडे वळत असेल, तर मालकाच्या संयमाने उद्योग वाचत नाही.

म्हणूनच ‘कधीच विकणार नाही’ असे ठरवण्यापूर्वी दोन गोष्टी तपासणे अगत्याचे ठरते. भाव वाढला तरी ग्राहक परत येईल काय आणि मिळालेल्या नफ्यातील किती रक्कम खरोखर हाती उरेल? सी’जकडे या दोन्हींची समाधानकारक उत्तरे होती, डेक्स्टरकडे पहिल्याचेच नव्हते.