ओसरी रंगवण्यापूर्वी

दसरा उलटला की वऱ्हाडात घरोघरी एक विषय हमखास निघतो. ओसरीचा रंग उडाला आहे, पावसाळ्याने ओट्याला शेवाळ धरले आहे, पायऱ्यांच्या कडा झिजल्या आहेत. दिवाळीपूर्वी एक हात मारून घ्यायला हवा. मग दुकानातून छटांचे तक्ते येतात, मुले-सुना मोबाइलवर चित्रे पाहून रंग ठरवतात, आणि घरातील वडीलधाऱ्यांना फारसे कुणी विचारीत नाही. वस्तुतः दिवसाचे कित्येक तास त्या ओसरीवर बसणारे तेच असतात. आपण स्वतः ज्येष्ठ असा किंवा ज्येष्ठांची शुश्रूषा करणारे असा, यंदा रंगाचा निर्णय घेण्यापूर्वी एका डॉक्टरचे चार शब्द ऐकून घ्यावेत, अशी विनंती आहे. ओसरीच्या रंगाचा आणि प्रकृतीचा संबंध वाटतो त्याहून निकटचा आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे येणाऱ्या एका वृद्ध आजींनी घराबाहेर पडणे अचानक बंद केले. घरच्यांना वाटले, गुडघे दुखत असतील किंवा मन उदास झाले असेल. मी तपासले, गुडघे वयाच्या मानाने बरे होते. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "डाक्टरसाहेब, पायरी कुठी सरते ते दिसतच नाही मले." ओटा, तिन्ही पायऱ्या आणि खालचे अंगण, सारे एकाच करड्या सिमेंटचे. मोतीबिंदू पिकत चाललेल्या डोळ्यांना तो एक सपाट करडा पडदा दिसे. त्या एकदा खालच्या पायरीवर घसरल्याही होत्या, पण घरात सांगितले नव्हते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यथावकाश झाली. ती होईपर्यंत प्रत्येक पायरीच्या कडेवर एक ठळक पिवळा पट्टा ओढला गेला आणि आजी चार दिवसांत ओट्यावर दिसू लागल्या.

पडण्याला आपल्याकडे आजार मानीत नाहीत. "वय झाले, पडायचेच" असे म्हणून सोडून देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे मृत्यू पावतात आणि त्यांत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक असते. खुब्याचे हाड मोडलेला वृद्ध अंथरुणाला खिळला की न्यूमोनिया, शय्याव्रण आणि पायांतील रक्ताच्या गुठळ्या यांची साखळी सुरू होते. हाड मोडले नाही तरी पडण्याची धास्ती बसते. धास्तीने चालणे कमी होते, चालणे कमी झाले की मांड्यांचे स्नायू झिजतात, आणि झिजलेले स्नायू पुन्हा पाडतात. म्हणून रंगाच्या खर्चात पहिला मान भिंतीला न देता पायरीला द्यावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

वय वाढते तसे डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते आणि बाहुली लहान राहते. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या तरुणाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. चष्म्याचा नंबर बरोबर असला तरी फिक्या-गडद छटांतील फरक ओळखण्याची शक्ती उणावते. पिवळ्या भिंगातून फिका निळा, फिका हिरवा आणि राखी हे रंग एकमेकांत मिसळून जातात. तेव्हा पायरी फिकी निळी आणि पट्टा फिका हिरवा, हा संगम कितीही मोहक दिसला तरी आजोबांच्या दृष्टीने तेथे पट्टाच नसतो. महत्त्व रंगाच्या नावाला नाही, गडद आणि उजळ यांतील अंतराला आहे. गडद पायरीवर पांढरा किंवा पिवळा पट्टा, उजळ पायरीवर गडद लाल किंवा काळा. याची परीक्षा घरबसल्या होते: मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढावे. त्यात पट्टा उठून दिसला तर निवड योग्य. पायरीत विरघळला तर दुसरा डबा उघडावा.

पट्टा साधारण दोन इंच रुंद असावा आणि पायरीच्या अगदी काठाला भिडलेला असावा. पुष्कळ कारागीर देखणेपणासाठी काठापासून बोटभर आत पट्टा ओढतात. हे धोक्याचे आहे, कारण उतरणारा माणूस पट्ट्यालाच काठ समजून पाऊल टाकतो. पट्ट्याची उभ्या बाजूवरही एक पट्टी उतरवली तर चढतानाही पायरी ओळखू येते. आपल्या आज्या गेरूने सारवलेल्या ओट्याला चुन्याची पांढरी किनार काढीत. त्यामागे नेत्रशास्त्र होते असा माझा दावा नाही. पण तांबड्यावरची ती पांढरी रेघ संधिप्रकाशातही दिसे, एवढे खरे.

घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल तर आणखी एक पथ्य आहे. अशा व्यक्तीचा मेंदू जे पाहतो त्याचा अर्थ निराळा लावतो. जमिनीवरचा काळा चौकोन त्याला खड्डा वाटतो, चकचकीत पृष्ठभाग पाणी वाटतो, नक्षीतील ठिपके किडे वाटतात. दारापुढे काळ्या-पांढऱ्या चौकटींची हौशी नक्षी काढून घेतल्यावर आजोबा उंबरठ्याशी अडून बसले, तर तो त्यांचा हट्ट समजू नये. सपाट, एकरंगी, बिनचमकेची जमीन आणि फक्त काठाला पट्टा, एवढेच तेथे पुरे. रांगोळी भिंतीकडेच्या बाजूला काढावी. चालण्याच्या वाटेवर पसरलेले रांगोळीचे बारीक दाणे फरशीवर घसरवतात.

घसरण्याचा खरा शत्रू मात्र जमिनीवर लावलेला चमकदार ऑइल पेंट. पाऊस, सडा किंवा सांडलेला चहा पडला की तो काचेसारखा होतो. पायऱ्यांना तो लावायचाच असेल तर शेवटच्या हातात धुऊन, वाळवून, चाळलेली बारीक रेती मिसळून घ्यावी; पाऊल पकडून राहते. रंग कामापुरता खरखरीत आणि दिसायला थोडा मंद होतो. सुनेला ते रुचणार नाही. तिला हा लेख वाचायला द्यावा.

आता भिंतीकडे वळू. आपल्या पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पसरला आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. तेथील घरांच्या भिंतींना गुडघ्यापर्यंत पांढरा लोणा फुटतो. जमिनीतील खारे पाणी भिंतीत चढते, हवेने उडून जाते आणि मागे राहिलेले क्षार रंगाला आतून ढकलतात. अशा भिंतीवर महागडा प्लास्टिक पेंट लावला की ओल आत कोंडते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत पापुद्रे सुटू लागतात. लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढावा. पाण्याने धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा भिंतीतच शिरतात. त्यावर चुन्याचाच हात द्यावा, कारण चुन्यातून भिंत श्वास घेते. रंग कालवायला विहिरीचे खारे पाणी वापरू नये, गोडे पाणी घ्यावे. ओल असलेल्या भिंतीवर बुरशी वाढते आणि दम्याच्या रुग्णाला तिचा त्रास होतो. चुन्याच्या तीव्र अल्कधर्मामुळे बुरशीला तेथे सहजासहजी घर करता येत नाही. खारपाणपट्ट्याबाहेरही आपली काळी माती आहेच. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि ओटा हळूहळू घरापासून सुटून एका अंगाला कलतो. भेग बुजवून आणि कललेली पायरी सरळ करूनच रंग द्यावा. वाकड्या पायरीवरचा रंग हा केवळ सजवलेला धोका आहे.

याच ओघात सांगतो: बहुतेक गल्ल्यांतील रस्ते थरावर थर पडून वर आले आहेत आणि ओट्याची शेवटची पायरी निम्मी गाडली गेली आहे. दोन पायऱ्या सहा इंचांच्या आणि तिसरी तीन इंचांची, असे झाले की पाय हमखास चुकतो, कारण शरीर पहिल्या पायरीवरून पुढच्या पायरीची उंची गृहीत धरते. गवंडी घरी आलाच आहे तर पायऱ्या सारख्या करून घ्याव्यात आणि एका बाजूला मुठीत मावेल असा गोल नळीचा कठडा बसवावा. उंची साधारण ८५ ते ९५ सेंटिमीटर, आणि रंग भिंतीहून वेगळा. पांढऱ्या भिंतीवरचा पांढरा कठडा तोल गेलेल्या हाताला सापडत नाही.

जुना रंग खरवडण्याचे काम मात्र जपून करावे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. आपल्या दरवाजा-खिडक्यांवरचे पिवळे, तांबडे, हिरवे ऑइल पेंटचे थर त्यापूर्वीचे असू शकतात. ते कोरडे घासले तर शिशाची धूळ उडते, ओट्यावर बसते आणि रांगणाऱ्या नातवाच्या हातातून तोंडात जाते. बालकांच्या मेंदूच्या वाढीला शिसे घातक असते आणि त्याची कोणतीही मात्रा निर्धोक मानली जात नाही. मोठ्यांतही ते रक्तदाब वाढवते आणि मूत्रपिंडांना इजा करते. म्हणून पृष्ठभाग ओला करूनच घासावा, खाली प्लास्टिक अंथरावे, खरवड गोळा करून बांधून टाकावी, नंतर जमीन झाडू नये तर ओल्या फडक्याने पुसावी. त्या दिवसांत मुले आणि गरोदर स्त्रिया यांनी ओसरीपासून दूर राहावे. जुना थर घट्ट बसलेला असेल तर तो उकरूच नये, त्यावरच नवा हात द्यावा. नवा डबा घेताना शिशाच्या मर्यादेचा उल्लेख त्यावर छापलेला आहे का, ते वाचावे.

चुना स्वस्त आणि गुणी, पण डोळ्याचा वैरी. कळीचा चुना पाण्यात पडताच उकळू लागतो. भिजवताना आजोबांनी वाकून बघू नये. डोळ्यात थेंब उडाला तर चोळू नये, त्यात तूप-दूध-मध काही घालू नये. वाहत्या स्वच्छ पाण्याने, पापण्या उघड्या धरून, किमान वीस मिनिटे डोळा धूत राहावे आणि मगच नेत्रतज्ज्ञाकडे धाव घ्यावी. अल्कली बुबुळात खोल शिरत जाते. पहिल्या काही मिनिटांतले पाणी पुढच्या सर्व औषधांपेक्षा मोलाचे असते. छताला चुना मारताना साधा चष्मा असला तरी चालेल, पण डोळे उघडे नकोत.

ऑइल पेंटच्या थिनरविषयी दोनच गोष्टी. त्याच्या वाफेने दम्याच्या व जुन्या श्वासविकाराच्या रुग्णांना धाप लागते, तेव्हा रंगकाम चालू असताना आणि वास जाईपर्यंत त्यांची झोपण्याची जागा घराच्या मागच्या बाजूला करावी. शक्य तेथे पाण्यात मिसळणारा रंगच निवडावा. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. उरलेला थिनर पाण्याच्या बाटलीत भरून ओसरीच्या कोनाड्यात ठेवण्याची सवय आपल्याकडे फार आहे. दृष्टी मंद झालेला माणूस दुपारच्या तहानेत तीच बाटली तोंडाला लावतो. असे घडल्यास उलटी मुळीच करवू नये, कारण थिनर उलटताना फुप्फुसांत उतरतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

ज्येष्ठांनी स्वतः ब्रश हाती घ्यावा का, असे मला विचारतात. अवश्य घ्यावा, छातीच्या उंचीपर्यंत. खांदा फिरतो, बोटांची पकड सुधारते, आणि घरातील एका कामात आपला हात आहे हे समाधान कोणत्याही गोळीत मिळत नाही. शिडीवर मात्र चढू नये. मान मागे टाकून वर पाहताना चक्कर येते, आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असलेल्याला डोक्यावरचा साधा मारही जिवावर बेततो. भिंतीच्या तळाशी उकिडवे बसून रंगवणेही टाळावे. रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची औषधे घेणारा माणूस तेथून झटकन उठला की डोळ्यांपुढे अंधारी येते. स्टूल घ्यावा, बसून रंगवावे, उठण्यापूर्वी मिनिटभर थांबावे.

रंगछटांचे म्हणाल तर आपले ऊन विसरू नये. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस पारा ४५ अंशांपुढे गेल्यावर अकोल्यात जिल्हा प्रशासनाला उन्हामुळे जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. पश्चिमेची बाहेरची भिंत आणि गच्ची शक्य तितकी पांढरी ठेवल्यास ऊन परतते आणि आतली खोली कमी तापते. परंतु ज्या भिंतीकडे तोंड करून आजोबा बसतात ती शुभ्र पांढरी नको. मोतीबिंदूच्या डोळ्यांना ती झळाळी बोचते. तेथे फिका पिवळा किंवा साईचा रंग द्यावा. दाराची चौकट मात्र मनसोक्त गडद असू द्यावी, निळी, तांबडी, आवडेल ती. लख्ख अंगणातून सावलीत येताना म्हातारे डोळे उशिरा सावरतात, तेव्हा गडद चौकट दार कोठे आहे हे सांगते. दिवा असा लावावा की पायरीवर माणसाची स्वतःची सावली पडणार नाही, आणि त्याचे बटण दाराच्या आतच हाताशी असावे.

शेवटचा हात वाळला, वास गेला, पाऊल चिकटेनासे झाले की खुर्ची बाहेर आणावी. ती हातांची असावी, बसल्यावर टाच जमिनीला टेकेल अशा उंचीची, आणि जमिनीहून निराळ्या रंगाची. शेजारी दुसरीही एक ठेवावी. येणाऱ्याला बसायला जागा दिसली की तो थांबतो.