सायकलचा कॉम्प्युटर निवडताना

जयपूरला मोजमापाचे वेड जुनेच. सवाई जयसिंहांनी १८ व्या शतकात उभारलेल्या जंतरमंतरमधील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे आणि त्याच्या सावलीवरून दोन सेकंदांपर्यंतची वेळ वाचता येते. त्याच शहरात आज आमेर रस्त्यावरचा सायकलस्वार हँडलवरच्या काडेपेटीएवढ्या यंत्राकडे पाहत पॅडल मारतो.

हौस म्हणून घ्यायचा तर कोणताही सायकल कॉम्प्युटर चालेल. पण २०० किलोमीटरची ब्रेव्हे करायची असेल, तर निवड जपून करावी. तिथे मुदत साडेतेरा तासांची. म्हणजे सारे थांबे धरून ताशी जवळजवळ १५ किलोमीटरची सरासरी हवी.

साध्या यंत्राचे काम सोपे असते. स्पोकवरचे लोहचुंबक फोर्कवरच्या सेन्सरसमोरून गेले की एक फेरा मोजला जातो आणि त्याला चाकाच्या घेराने गुणले जाते. घेर चुकला की सगळेच चुकते. २६ × १.९५ टायरचा घेर सुमारे २०५० मिलिमीटर, तर ७०० × २५ चा सुमारे २१०५. पहिल्या चाकाला दुसऱ्याचा आकडा दिला, तर मुक्काम पाच किलोमीटर दूर असतानाच यंत्र २०० दाखवेल. थकलेल्या पायांना ती वीस मिनिटे महागात पडतात! म्हणून टायरमध्ये नेहमीइतकी हवा भरून, सायकलवर बसून तीन फेरे सरळ जावे, जमिनीवरचे अंतर टेपने मोजावे आणि तिनाने भागावे.

दुसरी फसगत सरासरीची. सायकल थांबली की बहुतेक यंत्रे सरासरीचा हिशेबही थांबवतात. चहा, पंक्चर यांचा वेळ त्यात येत नाही; ब्रेव्हेचे घड्याळ मात्र चालूच असते. तेव्हा साधे घड्याळ दाखवणारे यंत्रच घ्यावे.

वायरचे यंत्र स्वस्त आणि भरवशाचे. फक्त वायर नीट गुंडाळलेली हवी. बिनतारी दिसायला सुबक, पण सेन्सरलाही वेगळा सेल लागतो. जीपीएसचे यंत्र रस्ता दाखवते, घेर विचारत नाही, मात्र ते चार्ज करावे लागते. रात्रीपर्यंत बॅटरी पुरेल का, हे आधी पाहावे. राजस्थानच्या उन्हात उभ्या सायकलवर कोणतेही यंत्र ठेवू नये. तापलेला पडदा काळा पडू शकतो.

शेवटी, दुकानातच भर उन्हात धरून आकडे वाचून पाहावेत. जे चटकन वाचता येत नाही, ते कितीही मोजत असले तरी उपयोगाचे नाही.