कारल्यातील चरँटिन : भाजी अवश्य खावी, औषध मात्र थांबवू नये

अभनपूरच्या बाजारात असो वा रायपूर-नागपूरच्या मंडईत, कारले सहज मिळते. मधुमेहावरील घरगुती उपाय म्हणून त्याचा रस व चूर्ण अनेक जण घेतात. आपणही घेत असाल, तर पुढील माहिती लक्षपूर्वक वाचावी.

चरँटिन म्हणजे काय?
चरँटिन हे कारल्यात आढळणाऱ्या दोन स्टेरॉइडी ग्लुकोसाइडांचे मिश्रण आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने रक्तातील साखर उतरल्याचे दिसले आहे. कारल्याचा कडूपणा मात्र मुख्यतः मोमोर्डिसिन गटातील द्रव्यांमुळे असतो. शिवाय चरँटिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून रस जितका कडू तितका गुणकारी, हा समज निराधार आहे.

माणसांवरील पुरावा काय सांगतो?
2012 मधील कॉक्रेन आढाव्यात 479 मधुमेही रुग्णांवरील चार चाचण्या तपासण्यात आल्या. कारले मधुमेहावर परिणामकारक असल्याचा पुरेसा पुरावा त्यांतून मिळाला नाही.

विशेष दक्षता कोणी घ्यावी?
• इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणारे : सोबत रस वा अर्क घेतल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.
• गर्भवती महिला : रस, चूर्ण व अर्क टाळावा.
• जी-6-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असणारे : कारल्याच्या बियांत व्हायसिन असते. त्यामुळे अशा व्यक्तींच्या तांबड्या रक्तपेशी फुटण्याचा धोका संभवतो. छत्तीसगड व विदर्भातील काही समाजांत ही कमतरता आढळते.

साखर अचानक उतरल्यास
घाम, थरथर, तीव्र भूक, चक्कर ही लक्षणे दिसताच तीन लहान चमचे साखर पाण्यातून द्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडावाटे काहीही देऊ नये. तत्काळ 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आपण काय करावे?
• कारल्याची भाजी नेहमीच्या आहारात ठेवावी.
• रस वा चूर्ण घेत असल्यास डॉक्टरांना न लपवता सांगावे.
• डॉक्टरांच्या सल्ल्याविना औषध बंद वा कमी करू नये. अनियंत्रित साखर डोळे, मूत्रपिंड व पाय यांची हानी करते, आणि ती बहुधा उशिरा लक्षात येते.
• वयाची 30 वर्षे पूर्ण झाली असल्यास नजीकच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात रक्तशर्करेची विनामूल्य तपासणी करून घ्यावी.

कारले ताटात असावे; उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावेत.