मानसाघात, शरीर आणि केटामीन : वैद्यांनी काय जाणावे?

अनिद्रा, अंगमर्द, हृद्द्रव, पोटाच्या तक्रारी. तपासण्या मात्र सर्व प्राकृत. असे रुग्ण आपणा सर्वांकडे येतात. त्यांपैकी काहींच्या पूर्वेतिहासात अपघात, अत्याचार वा बालपणीची मारहाण दडलेली असते. शरीर व मन परस्परांस अनुसरतात, हे चरकसंहितेने सांगितले आहे आणि सत्त्वावजय हा चिकित्सेचा स्वतंत्र प्रकारही मानला आहे.

अमेरिकेत पीटर लेव्हिन यांनी विकसित केलेल्या देहकेंद्री मानसोपचारात रुग्णास संपूर्ण प्रसंग कथन करावयास लावीत नाहीत. श्वास, स्नायूंचा ताठरपणा, हृदयाची धडधड यांकडे तो थोडे थोडे लक्ष देतो आणि पुन्हा सुरक्षिततेच्या जाणिवेकडे परततो.

काही ठिकाणी अशा उपचारास केटामीनची जोड देतात. हे औषध १९७० पासून अमेरिकेत भूल देण्यासाठी मान्य आहे. अवसादात त्याची अल्प मात्रा, बहुधा किलो वजनामागे ०.५ मिलिग्रॅम, सुमारे ४० मिनिटांत शिरेवाटे देतात. परिणाम काही तासांत दिसतो, परंतु एका मात्रेचा गुण बहुधा काही दिवसांतच ओसरतो. म्हणून आधी पूर्वतयारी, उपचारकाळी देखरेख व नंतर आलेल्या अनुभवावर संवाद, असा क्रम ठेवतात. चिवट अवसादासाठी एस्केटामीनचा नाकातील फवारा तेथे २०१९ मध्ये मान्य झाला. तो घेतल्यावर रुग्णास किमान दोन तास निरीक्षणाखाली ठेवावे लागते. आघातोत्तर विकाराबाबत मात्र अभ्यासांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. रक्तदाब वाढणे, भान हरपणे, व्यसन आणि दीर्घ वापराने मूत्राशयास इजा हे धोके आहेत.

औषधविक्रेत्यांनी ध्यानी ठेवावे, की भारतात केटामीन शेड्यूल एक्समध्ये असून एनडीपीएस कायद्याखालीही येते. विशेष परवाना व दोन प्रतींतील चिठ्ठी यांवाचून त्याची विक्री करता येत नाही. चिठ्ठीची एक प्रत दोन वर्षे जपावी लागते. ‘परदेशात चालते’ म्हणून कोणी मागणी केल्यास ठाम नकार द्यावा.

मग यातून आपण घ्यावयाचे काय? औषध नव्हे, दृष्टी. शिरोधारेच्या वेळी डोळ्यांवर पट्टी ठेवताच माझी एक रुग्णा थरथरत उठून बसली. अंधाराची तिला भीती होती. मी आधी विचारलेच नव्हते. त्या दिवसापासून अभ्यंग, बस्ती वा शिरोधारा यांपूर्वी प्रत्येक कृती मी समजावून सांगतो, स्पर्शाची अनुमती घेतो, इच्छा असल्यास सोबतीस बसू देतो आणि ‘थांबा म्हणताच थांबू’ असे वचन देतो. पट्टी ऐच्छिक ठेवली आहे.

आत्मघाताचे विचार, वारंवार भान हरपणे वा भास होणे ही लक्षणे आढळल्यास मानसरोगतज्ज्ञांकडे तत्काळ पाठवावे. त्यात वैद्याचा कमीपणा नाही. रुग्णाचे रक्षण आहे.